गरज असल्याचा दाखला

आपल्याकडे माणसाला पाळण्यापासून दाखले लागतात. जन्माचा, शाळा सोडल्याचा, उत्पन्नाचा, अधिवासाचा, जातीचा, आणि पेन्शन सुरू झाली की दर नोव्हेंबरात हयात असल्याचा. तुम्ही कोण, कुठले, किती कमावता आणि अजून आहात का, एवढं सरकार लिहून देतं. तुमचा काही उपयोग आहे का, या नाजूक विषयात मात्र ते सहसा पडत नाही.

याला अपवाद आहे तो तरुण डॉक्टरांचा. पुढचं प्रशिक्षण घ्यायला अमेरिकेला जायचं ठरलं, की दिल्लीहून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं एक पत्र आणावं लागतं. या शाखेच्या डॉक्टरांची आमच्या देशाला गरज आहे आणि सदर व्यक्तीने प्रशिक्षण संपल्यावर परत येण्याची लेखी हमी दिली आहे, असा त्याचा मथितार्थ. मजकूर अमेरिकेच्या नियमाने ठरवून दिलेला असतो, मंत्रालयाने त्यात नाव आणि शाखा भरायची. म्हणजे आपली गरज आहे असं देश आपल्याला पहिल्यांदा सांगतो, ते आपण बॅगा भरायला काढल्यावर.

माझ्या भाच्याला हे पत्र आलं तेव्हा ताईने हळदकुंकू वाहून ते देव्हाऱ्यात ठेवलं. तिच्या मते तो सरकारी सन्मान होता. भाच्याचं मत निराळं पडलं. एमबीबीएस झाल्यावर नीट-पीजीमध्ये त्याचा नंबर अशा जागी लागला होता, की त्याला हवं असलेलं मेडिसिन सोडून बाकी बरंच काही मिळत होतं. देशाने तेव्हा त्याला न्यायवैद्यकशास्त्र देऊ केलं होतं. "मामा, एवढी गरज होती तर आधी सांगायचं ना," तो म्हणाला. "मी काय नाही म्हणालो असतो?"

परदेशी डॉक्टर तिथे निवासी डॉक्टर म्हणून जातात ते बहुतेक जे-वन नावाच्या व्हिसावर. या व्हिसाचं कूळ भलतंच आहे. शिक्षण आणि संस्कृती यांची देशादेशांत देवाणघेवाण व्हावी म्हणून १९६१ साली अमेरिकेत एक कायदा झाला, सेनेटर फुलब्राइट यांचं नाव त्याला जोडलेलं आहे. जे-वन त्या घरातला. त्यामुळे कागदोपत्री आमचा भाचा सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी गेला. निवासी डॉक्टरांना आठवड्याला ८० तासांपेक्षा जास्त राबवू नये, असा तिथे २००३ पासून नियम आहे. त्या ८० तासांत अमेरिकी संस्कृतीपैकी त्याने रात्री तीन वाजताचं व्हेंडिंग मशीन तेवढं फार जवळून पाहिलं.

त्याआधी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत झाली. या मुलाखतीत आपण परत येणार आहोत हे पटवायचं असतं, असं सगळ्यांनी सांगितलेलं. भावोजींनी त्यासाठी फाइल तयार केली. त्यात फ्लॅटचं इंडेक्स टू होतं आणि गावच्या जमिनीचा सात-बारा होता. सात-बारावर भावोजींसकट अकरा हिस्सेदार, आणि इतर हक्कांत सामाईक विहीर. मुलगा परत येणारच याला याहून भक्कम पुरावा असूच शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. विहिरीचा वाद मिटल्याशिवाय त्या घराण्यातलं कुणी कुठे जाऊन राहूच शकत नाही. काचेपलीकडच्या बाईंनी कुठलं हॉस्पिटल, कुठली शाखा, एवढं विचारलं आणि पासपोर्ट ठेवून घेतला. सात-बारा उघडूनसुद्धा पाहिला नाही, याचं भावोजींना अजून वाईट वाटतं.

जे-वनची खरी मेख शेवटी आहे. प्रशिक्षण संपलं की दोन वर्षं मायदेशी जाऊन राहायचं, तोवर नोकरीचा एच-वन व्हिसा नाही आणि कायमच्या वास्तव्याचं ग्रीन कार्डही नाही. इतर क्षेत्रांत जे-वनवर आलेल्यांना त्यांच्या सरकारने 'आमची हरकत नाही' असं कळवलं की सुटायची आशा असते. प्रशिक्षणाला आलेल्या डॉक्टरांना ती वाट बंद आहे. त्यातून आपल्या सरकारनेही आतून कडी घातली. परत येण्याचं बंधन नाही असा जो दाखला दिल्लीहून मिळायचा, तो डॉक्टरांना द्यायचं २०११ पासून थांबवलं. वयाची ६५ वर्षं ओलांडलेल्यांना सूट आहे. तोवर आपली गरज भागलेली असणार, असा बहुधा हिशेब असावा.

मग उरते ती केंट कॉनरॅड यांची खिडकी. कॉनरॅड हे उत्तर डकोटाचे तेव्हाचे सेनेटर. गव्हाच्या आणि सूर्यफुलांच्या शेतांमधल्या गावात डॉक्टर यायला तयार नसतात, हे दुखणं त्यांच्या घरचंच. १९९४ साली त्यांनी कायद्यात तजवीज करून घेतली, की जो जे-वनवाला डॉक्टर टंचाईच्या भागात तीन वर्षं, आठवड्याला किमान ४० तास काम करील, त्याला मायदेशी जाऊन राहण्याची अट माफ. आधी दर राज्याला वर्षाला २० जागा होत्या, २००२ पासून ३० झाल्या. लोकसंख्या बघायची नाही. कॅलिफोर्नियात चार कोटींच्या घरात माणसं आणि वायोमिंगमध्ये सहा लाखसुद्धा नाहीत, पण पानात दोघांनाही तीसच. आणि ही योजना मुळात तात्पुरती. तीस वर्षं झाली, मुदत संपत येते, तिथली संसद ती जराशी पुढे ढकलते, पुन्हा संपत येते. हे कळल्यावर त्या देशाबद्दल मला पहिल्यांदाच आपलेपणा वाटला.

या माफीसाठी पुन्हा पत्र लागतं. या वेळी ते राज्याचं आरोग्य खातं वॉशिंग्टनला लिहितं: आमच्या अमुक भागात डॉक्टर नाहीत, याला इथेच राहू देणं सार्वजनिक हिताचं आहे. दिल्लीने लिहिलं होतं, हा आम्हाला हवा. आता उत्तर डकोटाने लिहिलं, छे, आम्हालाच हवा. दोन सरकारांनी एका पोरासाठी असं लेखी भांडावं आणि त्या पोराला रात्रपाळीला मदतीला एकच नर्स मिळावी.

भाच्याला मिळालेलं गाव जेमतेम तीन हजार वस्तीचं. आभाळाला टेकलेली धान्याची कोठारं, पेट्रोल पंप, चर्चं आणि हॉस्पिटल. हिवाळ्यात पारा उणे तीसला जातो, तेव्हा गाडीच्या इंजिनाला रात्रभर विजेची वायर जोडून ठेवावी लागते, नाहीतर सकाळी ते सुरू होत नाही. ताईला हे कळल्यापासून ती फोनवर आधी "गाडीला वायर लावलीस का" विचारते आणि मग "जेवलास का". छातीत कळ आलेला शेतकरी पन्नास मैल स्वतः ट्रक चालवत येतो, आणि कापणी चालू असेल तर कापणी संपल्यावर येतो. भाचा आला तेव्हा पहिले काही महिने गावाने त्याला लांबून पाहिलं. मग ऑगस्ट आला. ऑगस्टात तिथे प्रत्येकाच्या परसात झुकिनी इतकी लागते, की लोक ती रात्रीतून दुसऱ्यांच्या दाराशी ठेवून जातात. ज्याच्या दाराशी ठेवली तो गावचा. भाचेसुनेने झुकिनीची भजी केली, थालीपिठं केली, कोशिंबीर केली, शेवटी साखर घालून वड्याही केल्या. वड्या तिने हॉस्पिटलात नेल्या. त्या संपल्या, आणि दुसऱ्या दिवशी दाराशी दुप्पट झुकिनी आली.

आता जरा अवघड विषय. आपल्याकडे सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष शासनाच्या सेवेत काढायचं असतं, आणि ते बहुतेक खेड्यापाड्यांत. भाच्याच्या वेळी ते नको असेल तर दहा लाख रुपये भरायचे, असं बंधपत्र होतं. त्याच्या वाट्याला गडचिरोली जिल्ह्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र आलं होतं. तिथल्या क्वार्टरला म्हणे दार नव्हतं. घरात बैठका झाल्या आणि भावोजींनी मुदत ठेव मोडून दहा लाख भरले. एक वर्ष गडचिरोली नको म्हणून पैसे मोजलेल्या त्याच घराने, तीन वर्षं उत्तर डकोटा मिळावं म्हणून गणपतीला नवस बोलला. हे मी एकदा पंक्तीत बोललो. ताईने आमटीची पळी तशीच हवेत धरली. भाचा मात्र शांतपणे म्हणाला, "दाराचं मला कुणीतरी सांगितलं होतं, मामा. मी बघायला गेलोच नव्हतो."

दोन्हीकडचे शहरी डॉक्टर खेड्यात जात नाहीत आणि दोन्हीकडचं सरकार कायद्याचा बडगा दाखवून त्यांना पाठवू बघतं. तिकडचा बडगा चालतो, कारण त्याच्या टोकाला ग्रीन कार्ड लटकवलेलं आहे. आपण आपल्या पोरांना खेड्यात पाठवायला काय लटकवणार, हे मला सुचलेलं नाही. दार लावून बघायला हरकत नाही.

इंग्रजांचीही तऱ्हा फार वेगळी नव्हती. १९६०च्या सुमारास त्यांची सरकारी आरोग्यसेवा भारतीय उपखंडातून आलेल्या डॉक्टरांच्या खांद्यावर उभी होती, आणि १९६० ते ६३ या काळात आरोग्यमंत्री होते इनॉक पॉवेल. हेच पॉवेल १९६८ साली बर्मिंगहॅमला उभे राहून बाहेरून येणाऱ्या माणसांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण करून बसले. ज्यांना बोलावलं ते खरोखरच आले, याचं त्यांना आश्चर्य वाटलं असावं.

या कागदांच्या चळतीपुढे आनंदीबाई जोशी आठवल्यावाचून राहत नाहीत. १८८३ साली त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या तेव्हा व्हिसा नावाची वस्तू त्यांच्या वाटेत नव्हती. अडवणारे होते ते आपलेच लोक. म्हणून निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरला, कॉलेजच्या सभागृहात, आपण का जातो आहोत हे त्यांनी भर सभेत सांगितलं: या देशाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे. गरजेचा दाखला त्यांनी स्वतःच दिला, परतीची हमीही स्वतःच. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली पदवी घेतली, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागा ठरली, आणि बोलल्याप्रमाणे त्या परतही आल्या. रुजू व्हायचं तेवढं राहिलं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्या पुण्यात गेल्या. परदेशी डॉक्टरांच्या पदव्या तपासणारी आणि जे-वनचे कागद काढून देणारी ईसीएफएमजी ही संस्था आज त्याच फिलाडेल्फियात आहे. भाच्याचा डीएस-२०१९ नावाचा फॉर्म तिथूनच आला. इतक्या वर्षांत त्या शहराने आपल्याकडून एवढीच प्रगती केली, की हमी आता छापील मिळते.

मधल्या काळात दारं पुष्कळदा लागली. येल्लाप्रगडा सुब्बाराव १९२३ साली मद्रासची वैद्यकीय पदवी घेऊन बोस्टनला पोचले आणि १९२४च्या कायद्याने आशियाई माणसाला अमेरिकेत कायमचं राहायला येणं जवळजवळ बंदच झालं. सुब्बारावांनी हॉस्पिटलात रात्रीची हलकी कामं करून दिवस काढले, आणि पुढे लेडर्ले कंपनीत त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी ऑरिओमायसिन आणि मेथोट्रेक्सेट यांसारखी औषधं दिली. १९४६ साली भारतीयांना नागरिकत्वाची वाट खुली झाली, तीही वर्षाला १०० माणसांच्या कोट्यासह. सुब्बाराव १९४८ साली वारले तेव्हाही अमेरिकेचे नागरिक नव्हते. आणि आइन्स्टाइनसुद्धा सुटले नाहीत. ते १९३३ साली पाहुणे म्हणून आले होते, कायमचं राहायचं तर अर्ज देशाबाहेरच्या वकिलातीत करायला हवा होता. तेव्हा १९३५ साली सहकुटुंब बर्म्युडा बेटावर गेले, तिथे अर्ज केला आणि परत आले. असामान्य बुद्धीच्या माणसांसाठी आज जे ग्रीन कार्ड आहे, ईबी-वन, त्याला लोक लाडाने 'आइन्स्टाइन व्हिसा' म्हणतात. आइन्स्टाइनना तो मिळालेला नव्हता.

या ईबी-वनशी आमची गाठ पडली ती भाचेसुनेमुळे. ती संशोधक आहे, क्षयाचे जंतू औषधांना दाद का देत नाहीत हे शोधते. तिची अडचण नवऱ्याच्या बरोबर उलटी. डॉक्टराला गावात टंचाई आहे हे दाखवावं लागतं. संशोधकाला आपल्यासारखं दुसरं कुणी नाही हे दाखवावं लागतं. नोबेलसारखं काही मिळालेलं असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर कायद्याने दहा कसोट्या सांगितल्या आहेत, त्यांतल्या तीन तरी उतराव्या लागतात: बक्षिसं, निवडक संस्थांचं सभासदत्व, वर्तमानपत्रांत तुमच्याबद्दल आलेला मजकूर, दुसऱ्यांच्या कामाचं परीक्षण, मोलाची मौलिक भर, शोधनिबंध, भारी पगार वगैरे. नाट्यसंगीताचे प्रयोग हाउसफुल्ल झाले असतील तर तेही चालतं, पण ते तिच्याकडे नव्हतं.

मुलगी सांगलीची. आपल्या तोंडाने आपलं कौतुक करू नये, हे आजीने तिला भाताबरोबर भरवलेलं. पहिल्या मसुद्यात तिने लिहिलं होतं, की आमच्या गटाने या दिशेने एक छोटासा प्रयत्न केला आहे. वकीलबाईंनी 'आमच्या गटाने' खोडून 'मी' केलं, 'छोटासा' खोडला आणि 'प्रयत्न' खोडला. वाक्यात शिल्लक काहीच राहिलं नाही. मग त्यांनी विचारलं, तू नियतकालिकांसाठी इतरांचे निबंध तपासतेस का? ती म्हणाली, हो, रविवारी दुपारी, फुकट, सगळेच तपासतात. वकीलबाई खूश झाल्या. रविवारची ही बिगारी म्हणजे कायद्याच्या भाषेत परीक्षकपद, दहांपैकी एक कसोटी.

सगळ्यात मजा पत्रांची. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या गुरूंचं शिफारसपत्र हलकं धरतात, कारण ते आपल्याच माणसाचं. ज्याने तुम्हाला कधी पाहिलं नाही, ज्याच्याबरोबर तुम्ही चहासुद्धा घेतलेला नाही, अशाने तुमच्या कामाची थोरवी सांगितली तर ते वजनदार. भाचेसुनेने म्हणून दूरदूरच्या अनोळखी प्राध्यापकांना भीतभीत पत्रं लिहिली. माणसं भली, बहुतेकांनी उलट टपाली होकार दिला आणि खाली एक ओळ लिहिली, मसुदा तेवढा तूच पाठव. मग बर्फ पडणाऱ्या रात्री ती टेबलाशी बसून एका डच गृहस्थाच्या तोंडून स्वतःची वाहवा लिहू लागली. सगळी पत्रं एका हाताची वाटू नयेत म्हणून दुसऱ्या पत्रासाठी जरा रुक्ष जर्मन आवाज लावला, तिसऱ्यासाठी उत्साही अमेरिकी. "मामा, मी माझ्याबद्दल काय काय लिहिलंय ते तुम्ही वाचू नका हं," तिने फोनवर बजावलं. एका ब्रिटिश प्राध्यापकांनी तिच्या मसुद्यातली सगळी विशेषणं काढून टाकली आणि काम बरं आहे अशा अर्थाचं एक वाक्य घालून सही केली. वकीलबाई म्हणाल्या, ब्रिटिश माणसाने एवढं म्हणणं म्हणजे डोक्यावर घेऊन नाचणंच, पण हे नेब्रास्कात बसलेल्या अधिकाऱ्याला कोण समजावणार?

वर्तमानपत्रांच्या कसोटीसाठी कात्रण हवं होतं. ते सांगलीहून आलं. तिला पीएचडी मिळाली तेव्हा तिथल्या एका दैनिकाने फोटोसह बातमी छापली होती आणि मथळा दिला होता, 'सांगलीच्या कन्येची क्षयरोगावर मात'. तो वाचून गल्लीतल्या दोघी जणी त्याच संध्याकाळी तिच्या आईकडे तब्येतीची चौकशी करायला आल्या होत्या, येताना खारकांची पूडही घेऊन. बातमीच्या शेवटी, या यशाबद्दल तिचे सर्व थरांतून अभिनंदन होत आहे, असं होतंच. वकीलबाईंनी इंग्रजी भाषांतर वाचून विचारलं, हे थर नेमके कोणते, आणि त्यांच्याकडून काही लेखी मिळेल का? तिच्या वडिलांनी ते मनावर घेतलं. पतसंस्था, शाळा, नगरवाचनालय आणि गणेश मंडळ अशा चार थरांनी आपापल्या लेटरहेडवर अभिनंदन करून दिलं. ती पत्रं अर्जाला लावली की नाही हे वकीलबाईंनी शेवटपर्यंत नीट सांगितलं नाही.

खबरदारी म्हणून दुसराही अर्ज केला होता, राष्ट्रीय हिताचा. यात नोकरी देणारा मालक नसला तरी चालतं. तुमचं काम अमेरिकेच्या हिताचं आहे एवढं पटवायचं. एका हवाई-अवकाश संशोधकाच्या प्रकरणात २०१६ साली निकाल लागला, तेव्हापासून याला तीन कसोट्या लावतात: काम मोलाचं आणि राष्ट्रीय महत्त्वाचं आहे का, ते पुढे नेण्याची तुमची कुवत आहे का, आणि नेहमीच्या अटी तुम्हाला माफ केल्याने देशाचा फायदा आहे का. इथे भाचेसुनेची पंचाईत झाली. जगातल्या क्षयरुग्णांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त एकट्या भारतात आहेत. अमेरिकेत वर्षाला दहा हजारांच्या आसपास. म्हणजे जिथे रोग आहे तिथल्या मुलीने, जिथे तो नावाला आहे तिथल्या सरकारला, हे काम तुमच्याच राष्ट्राच्या हिताचं आहे असं पटवायचं. तिने पटवलं. चिवट जंतू विमानाने कसे फिरतात, यावर पानंच्या पानं लिहिली. अर्ज मंजूर झाला तेव्हा तिने आईला फोन केला आणि आई म्हणाली, "अगं, पण रोग इथे आहे ना?" त्यावर तिला काही बोलता आलं नाही. मलाही आलं नसतं.

मंजूर झाला म्हणजे कार्ड मिळालं, असं कुणी समजू नये. नोकरीच्या आधारावरची ग्रीन कार्डं वर्षाला ठरावीकच, आणि एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांवर जाऊ द्यायची नाहीत. भारताला सात टक्के, आइसलँडलाही सात टक्के. त्यामुळे राष्ट्रीय हिताच्या भारतीय रांगेत २०२५ साली जे नंबर लागत होते, ते २०१२-१३ साली अर्ज केलेल्यांचे. तुमची आम्हाला नितांत गरज आहे, हे सिद्ध झालं, आता बारा-तेरा वर्षं थांबा. बरं, देश मोजतात तो नागरिकत्वाचा नाही, जन्माचा. आईवडील नोकरीनिमित्त मस्कतला असताना जन्मलेला जोशी ओमानच्या रांगेत उभा राहतो, आणि ती रांग फार लांब नसते. नवराबायकोपैकी एकाचं जन्मस्थळ असं सोईचं असेल तर दुसऱ्यालाही त्याचा फायदा मिळतो. आपले गुरुजी पत्रिका मांडताना जन्मस्थळ विचारायचे त्याला मी उगाच हसायचो. सांगली आणि मस्कत यांत किती ग्रहांचा फरक पडतो, ते अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने दरमहा तक्ता छापून दाखवलं आहे.

२०२५ साल तर एकूणच वक्री गेलं. मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी कुणाला कुठल्या हॉस्पिटलात जागा मिळाली ते कळतं, १ जुलैच्या सुमाराला रुजू व्हायचं असतं, आणि मेच्या अखेरीस जे-वनच्या नव्या मुलाखती देणंच थांबवलं. जूनमध्ये पुन्हा सुरू केलं, पण सांगितलं की समाजमाध्यमांवरची खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवा. आमच्या सोसायटीतल्या एका मुलीने खातं उघडं केलं, तर त्यात हॉस्पिटलच्या कँटीनमधल्या सांबारावर केलेली टिंगल आणि चुलतबहिणीच्या हळदीतला नाच. नाच ठेवावा की काढावा, यावर सोसायटीच्या जिन्यात दोन तट पडले. सांस्कृतिक देवाणघेवाणीचा व्हिसा आहे, तेव्हा नाच असलेलाच बरा, असं मी म्हटलं. सांबार तिने काढलं. सप्टेंबरात मग देशाबाहेरून नव्याने आणायच्या एच-वनवाल्यासाठी मालकाने एक लाख डॉलर भरावेत, असा अध्यक्षांचा हुकूम निघाला. भाच्याच्या हॉस्पिटलात एक्स-रेचं मशीन बदलायचं म्हणून गावजेवणं घालून वर्गणी गोळा करतात. पुढचा डॉक्टर बाहेरून आणायचा तर त्यांना किती गावजेवणं घालावी लागतील, हा हिशेब त्यांच्या समितीत झाला म्हणे.

भाच्याची टंचाईच्या भागातली तीन वर्षं संपली. पाच वर्षं पुरी करणाऱ्या डॉक्टरांसाठी राष्ट्रीय हिताची एक निराळी वाट आहे, त्याने तिथेही अर्ज टाकला आणि तो बायकोच्याच रांगेत, तिच्या मागे जाऊन उभा राहिला. एच-वनची मुदत अधूनमधून वाढवून घ्यायची आणि महिन्याचा तक्ता बघायचा, असं त्यांचं चाललं आहे. त्यांची मुलगी त्याच गावात जन्मली, त्यामुळे तिला कुठलाच कागद लागत नाही. एकविसाव्या वर्षी तिला आईबापांसाठी अर्ज करता येईल आणि त्या अर्जाला रांग नसते. ती आता पाच वर्षांची आहे. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर भाच्याने कागदावर दोन्ही हिशेब मांडले, आणि रांगेचा वेग असाच राहिला तर कार्यवाही लेकीकडूनच आधी होईल असं निघालं.

"काय गं," ताईने नातीला विचारलं, "मोठी झालीस की आईबाबांना ठेवून घेशील ना?"

तिने विचार केला. म्हणाली, "डॉगी आणणार असतील तर."

भाचा म्हणाला, हे लेखी घे.